जादा वेळेचा कायदा

आकाशात ज्याचा वावर, त्याचे बोलणेही तितक्याच उंचीवरचे असले पाहिजे, अशी एक भाबडी समजूत आम्हा खानदेशी मंडळींच्या मनात फार दिवस नांदत होती. तिची शहानिशा होण्यासही पुष्कळ अवधी लागला. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली प्रत्यक्ष राष्ट्रपतींच्या हस्ते, आणि त्या राष्ट्रपती म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या कन्या, मोठ्या थाटाने पार पडले असले, तरी तिकीट काढून कोणीही बसावे असे नियमित विमान तेथे २०१७ च्या डिसेंबरात आले. आणि मधल्या पावणेसहा वर्षांत जिल्ह्यातील रिकाम्या जनतेला वैमानिक नामक मनुष्यविशेषाबद्दल यथेच्छ कल्पना करण्याची मुभा मिळाली. सातपुड्याची निळी रांग, तापीचे रुपेरी पात्र, मावळतीचे मेघ असल्या विषयांवर ही माणसे मंद स्वरात काही भाष्य करीत असतील, असे मला स्वतःला वाटत असे. माझा सख्खा भाचा वैमानिक झाला आणि ही समजूत खालसा झाली. वैमानिक दोनच विषयांवर बोलतात : पहिला, पुढील महिन्याचे रोस्टर, आणि दुसरा, फुटबॉलचा सामना बरोबरीत राहिला तर जादा वेळेत नेमके काय करावे. पहिल्यावर ते कळवळून बोलतात, दुसऱ्यावर तावातावाने; तापीचा विषय मी अद्याप कोणी काढलेला ऐकलेला नाही.

यंदाच्या जानेवारीत भाच्याने आपले स्नेही भरीत खाण्यासाठी आणावयाचे ठरविले. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनाची सरकारी सनद मिळाल्यापासून आमच्याकडील पाहुणचाराला एक कायदेशीर अधिष्ठान प्राप्त झाले आहे, आणि यावल तालुक्यातील एका परिचितांचा मळा त्यासाठी मुक्रर करण्यात आला. परंतु मुहूर्त लागेना. लग्नाची तारीख गुरुजी काढतात, आणि ते पंचांग तरी एकदा छापले म्हणजे वर्षभर बदलत नाही. वैमानिकाच्या मेजवानीची तारीख मात्र रोस्टर काढते, आणि ते छापल्यावरच बदलू लागते. कधी कॅप्टनला विश्रांती असे तेव्हा भाचा 'स्टँडबाय'वर असे, म्हणजे गणवेश इस्त्री करून फोनकडे बघत बसे. कधी भाचा मोकळा झाला तर कॅप्टनला प्रवासी म्हणून बसवून परगावचे विमान आणावयास पाठविलेले असे. वांगी मात्र कोणाच्याही रोस्टरची पर्वा न करता मोठी होत राहिली.

वेळेचा घोळ तर निराळाच. मी भाच्याला फोनवर सांगितले, "रात्री साडेआठला पंगत बसेल." त्याने सवयीने पुटपुटत नोंद केली, "पंधरा शून्य शून्य." चौकशीअंती उमगले, की वैमानिकांच्या कागदोपत्री जगभर एकच घड्याळ चालते, ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते, आणि आमच्या साडेआठला त्यात अवघे दुपारचे तीन वाजलेले असतात. दुपारी तीनला भूक कशी लागेल, ही चिंता मला त्या क्षणापासून लागली.

अखेर एक शनिवार साधला. जळगावहून भाड्याच्या गाडीने चौघे आले : माझा भाचा, त्याचा कॅप्टन, धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकविणारा एक तरुण शिक्षक, आणि गाडीचा ड्रायव्हर, ज्याला त्या वेळी मी पाहुण्यांत धरले नव्हते. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात जेआरडी टाटा विमान शिकले आणि १९२९ साली देशातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळवते झाले, त्या क्लबाची विमाने हल्ली मुंबई सोडून आमच्या गोंदूरवर घिरट्या घालीत असतात, ही गोष्ट धुळ्यातील मनुष्य नवख्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मी ती दुसऱ्या मिनिटाला सांगितली. कोणी प्रभावित झाले नाही. त्यांचा वाद गाडीतूनच चालू स्थितीत उतरला होता.

त्या वादाचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कॅप्टन हा कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसापुढे फुटबॉलला नुसता खेळ म्हणणे हा उपमर्द होय. तेथे तो तालमींचा कुलाचार आहे, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या म्हणजे सख्खे साडू परस्परांस ओळख देत नाहीत. भाच्याला त्या कॅप्टनने फुटबॉलची दीक्षा दिली ती विमानातच; परंतु विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना कामाव्यतिरिक्त अवाक्षर काढू नये, असा एक दंडक आहे. अमेरिकेत तो १९८१ साली लेखी झाला आणि पुढे सर्वत्र पसरला. आता जळगाव–मुंबई हा प्रवास तो केवढा, आणि त्यांचे विमान दोन पंख्यांचे, लहान. चढणे, उतरणे आणि मुंबईच्या आसमंतात घिरट्या घालणे वजा जाता गप्पांसाठी राहतो तो जेमतेम अर्धापाऊण तास; आणि त्यातही मध्येच कोणी तरी रेडिओवरून हाक मारतो. त्यामुळे १९६८ साली युरोपच्या स्पर्धेत इटली व सोव्हिएत रशिया यांचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही शून्य-शून्य राहून शेवटी नाणे उडवून इटलीला बहाल करण्यात आला, हे न्यायाचे झाले की अन्यायाचे, हा प्रश्न नाशिकच्या वर उपस्थित होई आणि कल्याणच्या अलीकडे तहकूब होई. कित्येक महिने तहकूब होत आलेला तो दावा आमच्या मळ्यात सुनावणीस निघाला.

कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ मळ्याच्या मालकांनी पेटविला होता. हिरवीगार, पांढुरकी, हातभर वांगी ओळीने मांडली होती. मी भाच्याला म्हटले, "अरे, वांग्याला आधी टोचे मार आणि तेलाचा हात लाव, नाही तर ते फुटते." एवढे म्हणण्याचा अवकाश, दोघे वैमानिक सरसावले. एकाने मोठ्याने पुकारावे, "टोचे?" दुसऱ्याने प्रत्येक वांग्याला बोट लावून उत्तर द्यावे, "टोचे, मारले." "तेल?" "तेल, लावले." "देठ?" "देठ, जाळाबाहेर." अशी ती सवाल-जबाबाची यादी संपेपर्यंत जाळ विझला, आणि मालकांना काड्यांचा दुसरा भारा आणावा लागला. बिनचूक काम होण्यास वेळ लागतो, हे मला मान्य आहे. आमच्या घरच्या बायका ते बिनचूकही करतात आणि वेळेवरही, पण त्यांना कोणी चार पट्ट्या लावीत नाही.

इकडे गोंदूरच्या शिक्षकाने तोंड उघडले. हा गृहस्थ अमेरिकेत विमान शिकून आलेला, आणि येताना तिकडचा फुटबॉलही बरोबर घेऊन आलेला. तो म्हणाला, "जादा वेळेचा खरा शास्त्रशुद्ध कायदा अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे."

कॅप्टनने हातातले वांगे खाली ठेवले. "चेंडू काखेत मारून पळायचं, त्याला तू फुटबॉल म्हणतोस व्हय रे?"

"कायदा ऐका तर खरं, सर."

मग त्याने कायदा सांगितला. नाणेफेक जिंकणाऱ्याने चेंडू घ्यावा, आणि तो थेट गोलरेषेपलीकडे नेला तर खेळ तेथेच खलास, असा तेथील आधीचा शिरस्ता. २०२२ च्या जानेवारीत बफेलोच्या संघाने कॅन्सस सिटीविरुद्ध नियमित वेळेत छत्तीस गुण केले आणि जादा वेळेत त्यांच्या मुख्य खेळाडूच्या हाताला चेंडूचा स्पर्शही न होता ते घरी गेले. त्यावर एवढा गहजब झाला, की बाद फेरीसाठी दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळालाच पाहिजे, अशी दुरुस्ती करण्यात आली. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत अंतिम सामनाच या नव्या कलमाखाली गेला, आणि हरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी सामना संपल्यावर कबूल केले, की नियम बदलला आहे हे आपणांस ठाऊकच नव्हते.

"हे काहीच नाही," भाचा म्हणाला. "२००८ मध्ये फिलाडेल्फियाचा कप्तानासारखा मानलेला खेळाडू, जादा वेळ संपून तेरा-तेरा बरोबरी झाल्यावर म्हणाला, सामना असा बरोबरीतही सुटू शकतो हे मला माहीतच नव्हतं."

ही वार्ता ऐकून मला त्या देशाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. लाखो डॉलर वेतन घेणाऱ्या माणसाला आपल्या सेवाशर्ती माहीत नसाव्यात! माझी सर्व हयात ज्या कचेरीत गेली, तिच्यातील वरिष्ठांना हा मनुष्य किती जवळचा वाटला असता.

याच सुमारास गाडीच्या ड्रायव्हरने, जो आतापर्यंत जाळाच्या पलीकडे उकिडवा बसून शेंगदाणे सोलीत होता, अत्यंत विनयपूर्वक विचारले, "साहेब, पण ते नाणं उडवलं, अन् ते चिखलात उभंच राहिलं तर?"

प्रश्न इतका मार्मिक होता, की त्यावर अर्धा तास गेला.

शेजारच्या मळ्यातून भुसावळचे एक काका जेवावयास आले होते. त्यांनी रेल्वेत मालगाड्या हाकल्या. ड्रायव्हर म्हणून रुजू झाले आणि लोको पायलट म्हणून निवृत्त, त्यामुळे तीन-तीन पायलटांच्या गराड्यात त्यांना तिळमात्र संकोच नव्हता. ते म्हणाले, "तुमची जादा वेळ पंधरा आणि पंधरा, तीस मिनिटांची. आम्ही आउटर सिग्नलला उभे राहिलो की सूर्य मावळायचा, उगवायचा. गार्ड मागच्या डब्यात, मी पुढे, मध्ये कोळशाचे अठ्ठावन्न डबे. शिट्टी वाजवायला पंचही नाही. सुवर्णगोल म्हणजे काय, तर समोर पिवळा दिसला की संपला सामना."

कॅप्टनने सुवर्णगोलाचे नाव निघताच ताबा घेतला. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना समाप्त, हा तो कायदा. १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या ब्लाँने पॅराग्वेला याच कायद्याने निकालात काढले. नंतर २००४ च्या युरोपीय स्पर्धेत त्याला रौप्यगोल नावाची सौम्य पोटदुरुस्ती करून पाहिली, ग्रीसने तिचा लाभ उठवून झेक संघाला घरी धाडले, आणि त्याच वर्षी दोन्ही धातू मोडीत निघाले. "पण सगळ्यांवर कडी केली ती बार्बाडोसने," असे म्हणून त्याने जी हकीकत सांगितली, ती ऐकताना वांग्यांकडे कोणाचेही लक्ष राहिले नाही, आणि त्यातील दोन केवळ पुरातत्त्वीय महत्त्वाची झाली.

१९९४ च्या जानेवारीत कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत बार्बाडोसची गाठ ग्रेनाडाशी होती. बार्बाडोसला पुढे जाण्यासाठी दोन गोलांच्या फरकाने जिंकणे अवश्य. आयोजकांनी नियम असा केलेला, की बरोबरी झाल्यास जादा वेळ खेळवावी, आणि त्यात झालेला सुवर्णगोल एकाऐवजी दोन गोलांइतका धरावा. बार्बाडोस दोन-शून्य पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत ग्रेनाडाने एक फेडला. उरलेल्या वेळात तिसरा गोल होत नाही, असे पाहून बार्बाडोसच्या कोणा कुशाग्र गड्याच्या ध्यानात आले, की दोन-एकने जिंकण्यापेक्षा दोन-दोन बरोबरी अधिक किफायतशीर आहे. त्यांनी चेंडू शांतपणे आपल्याच जाळ्यात मारला. आता ग्रेनाडाचे डोळे उघडले : तीन-दोनने जिंकले तरी आपण पुढे, तीन-दोनने हरलो तरी आपणच पुढे! तेही स्वतःच्या गोलाकडे धावले. आणि मग सामन्याची अखेरची मिनिटे जगाने असा देखावा पाहिला, की एक संघ मैदानाच्या दोन्ही टोकांना गोल करावयास धडपडतो आहे, आणि दुसरा दोन्ही टोकांना गोल राखतो आहे. बरोबरी टिकली, जादा वेळ मिळाली, बार्बाडोसने सुवर्णगोल केला, निकाल चार-दोन.

सगळे हसले. ड्रायव्हर हसला नाही, त्याने सोललेले शेंगदाणे बाजूला सारून विचारले, "म्हणजे सरळ वेळेपेक्षा जादा वेळेचा भाव डबल होता?"

"डबल," कॅप्टन म्हणाला.

"अन् हे नियमात बसत होतं?"

"संपूर्ण नियमात."

"वा," एवढेच म्हणून तो विचारमग्न झाला.

मीही हसलो नाही, परंतु त्याचे कारण निराळे. त्या सामन्यात मला माझी कचेरी साद्यंत दिसली. तिचे नाव घेत नाही, कारण तेथील बरीच मंडळी अद्याप निवृत्तिवेतन घेत आहेत. मार्चअखेरच्या हिशेबास सायंकाळी साडेपाचनंतर बसणाऱ्यास जादा कामाचा भत्ता मिळत असे, आणि त्यामुळे मार्च लागताच आमच्या शाखेतील कर्तव्यदक्षता दिवसा समाधिस्थ होऊन सूर्यास्ताबरोबर जागृत होई. सकाळी अकराला आलेली फाईल चार वाजेपर्यंत विचाराधीन असे. पाच वाजता तिच्यावर 'अत्यंत तातडीचे' असा लाल शेरा पडे. तरीदेखील एखादे दिवशी दुर्दैवाने ताळेबंद सव्वापाचलाच जुळण्याच्या बेतात येई. अशा वेळी एक ज्येष्ठ कारकून, ज्यांची बेरीज तालुक्यात नावाजलेली, चष्मा पुसून कोठे तरी सात पैशांचा फरक निर्माण करीत. तो आमचा स्वतःवरील गोल. सात पैसे हुडकण्यास रात्रीचे नऊ वाजत, आणि सरकारास त्या सात पैशांसाठी जी रक्कम मोजावी लागे, तीत तसले सात पैसे पोत्याने आले असते.

पुढे एक शिरस्तेदार बदलून आले, ते ग्रेनाडाचे निघाले. साडेपाचला दहा मिनिटे असताना ते टेबलाशी येत आणि म्हणत, "जुळला असेल तर जुळला म्हणून लिहा. जुळला नसेल तर जुळला नाही म्हणून लिहा. फाईल मात्र आत्ता बंद झाली पाहिजे." त्यांना दोन्हींकडून चालत होते! आणि आम्ही सहा-सात माणसे त्या दहा मिनिटांत एकीकडे हिशेब जुळू नये म्हणून, आणि दुसरीकडे न जुळल्याचे प्रमाणपत्र लिहिले जाऊ नये म्हणून, शाईची दौत कलंडणे, जाबता न सापडणे, तिजोरीच्या चाव्या कोणाजवळ आहेत याची शोधाशोध करणे अशा मार्गांनी कचेरीची दोन्ही टोके प्राणपणाने राखीत असू. आमच्या या खेळाची वार्ता कॅरिबियन बेटांपर्यंत कशी पोचली असेल, एवढेच कोडे मला उरले.

वैमानिकांचे मात्र उलटे. त्यांच्यात जादा वेळ ही मागून घेण्याची वस्तू नसून टाळण्याची आहे. वर्षाला एक हजार तासांपलीकडे उडावयाचे नाही. आणि नव्या नियमांनी, जे २०२५ च्या नोव्हेंबरात पुरते अमलात आले, आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस झाली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत लांबविण्यात आली आणि रात्रपाळीत विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. वैमानिकांस झोप मिळाली. पाठोपाठ डिसेंबरात देशभर विमाने रद्द होऊ लागली आणि प्रवासीही झोपले, विमानतळाच्या फरशीवर. तेव्हा सरकारास काही कलमे तात्पुरती सैल करावी लागली. मर्यादा ओलांडून थोडे अधिक उडण्याची मुखत्यारी कॅप्टनला असते, परंतु ती वापरली की लेखी खुलासा द्यावा लागतो; आणि खुलासा लिहिण्यापेक्षा मनुष्य मर्यादेत राहणे पसंत करतो, हे तत्त्व ज्याने शोधले तो निश्चित एके काळी कारकून असला पाहिजे.

अकराच्या सुमारास मालकांनी हाक दिली, "चला भो, जेवाले!" वांगी ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून भरीत सिद्ध झाले होते, पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी आल्या. कॅप्टनच्या पानात भरीत पडले आणि भाच्याने हात आखडला.

"काय रे?" मी विचारले.

"मामा, आम्ही दोघं एकच पदार्थ खात नाही. एकाला बाधलं तर दुसऱ्याने विमान उतरवायला हवं ना."

"इथे विमान कोठे आहे?"

"सवय, मामा."

शेवटी कॅप्टनने भरीत-पुरी आणि भाच्याने भरीत-भाकरी खाल्ली, व दोन भिन्न मेजवान्या झाल्याची खात्री परस्परांस देण्यात आली. भुसावळच्या काकांनी दोन्ही खाल्ल्या.

हात धुताना निघण्याची भाषा सुरू झाली, तोच ड्रायव्हर पुन्हा विनयाने पुढे आला. "साहेब, एक राहिलंच. जादा वेळ संपली, पेनल्टी सुरू झाल्या. पाच-पाच मारून बरोबरी. मग?"

"मग एकेक मारत जायचं."

"अकराच्या अकरा मारून झाले, गोलकीपरसुद्धा, तरी बरोबरी?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"मग कबड्डीत बरं! पाच-पाच चढाया, नाही तर सोन्याची एक चढाई. की नाही, साहेब?"

हे ऐकून शिक्षक परत बाजेवर बसला, कॅप्टनने दुसरा चहा मागितला, आणि कबड्डी थोर की फुटबॉल यावर जे कांड सुरू झाले त्यात २०१९ सालचा क्रिकेटचा अंतिम सामनाही ओढला गेला, कारण तेथे जादा षटकही बरोबरीत सुटून चौकार-षटकारांच्या मोजणीवर इंग्लंडला चषक देण्यात आला होता. ड्रायव्हर मधूनमधून इंधन घालीत होता. एकदा त्याने हळूच मनगट पाहिले, आणि कॅप्टनचे वाक्य अर्धवट असतानाच उभा राहून म्हणाला, "चला साहेब, निघू. बारा वाजून पाच मिनिटं झाली."

"एवढी घाई कसली आता?"

"घाई नाही. बारा वाजले, नाइट हॉल्ट लागला. तेवढं कानावर घातलं."

क्षणभर शांतता पसरली. मग कॅप्टनच्या मुखावर ओळखीचे तेज आले. "थांब. माझ्या लॉगबुकाच्या घड्याळात आत्ता अठरा पस्तीस झालेत. म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. रात्र कुठली आली?"

"मग गाडीपण त्याच देशातून मागवायची होती, साहेब."

भुसावळचे काका इतका वेळ पान लावीत होते. त्यांनी चुना झटकून विचारले, "कॅप्टनसाहेब, तुमच्या आठवड्याच्या विश्रांतीत दोन रात्री असाव्या लागतात म्हणता. त्या कोणत्या घड्याळाच्या?"

कॅप्टन थोडा घुटमळला. "स्थानिक."

"मग याचीही रात्र स्थानिक," असा निवाडा देऊन काकांनी पान तोंडात सारले.

ड्रायव्हरने पावतीपुस्तक काढले. मी भाच्याकडे पाहिले, भाच्याने कॅप्टनकडे. परंतु कॅप्टनची विश्रांती चालू होती, आणि विश्रांतीच्या काळात वैमानिकाला कोणत्याही कामासाठी गाठता येत नाही, असे भाच्याने मला नियमाचा दाखला देऊन समजावले. पैसे मी दिले.